ट्रक कुठून आला, कुठे चालला?
(जालना जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळी चहा घेताना एका भावाने विचारले, "जालन्याच्या बैठकीत चाकणचे ट्रक कशाला? आमच्या कापसाचे बोला, ज्वारीचे बोला." प्रश्न रास्त आहे. पुण्याजवळ मोटारींचे कारखाने आहेत, तिथे रस्त्यावर गाड्या अडकतात, तर अडकोत. कारखानदार आणि सरकार बघून घेतील. पण गेले काही महिने आमचे त्या भागात जाणे-येणे आहे आणि तिथे जे पाहिले ते जालन्यात सांगितलेच पाहिजे असे आमचे मत झाले. चाकणला जे होऊन बसले आहे त्याची सुरुवात शेंद्रा-बिडकीनला झाली आहे, जालन्याच्या ड्रायपोर्टच्या नावाने झाली आहे, उद्या तुमच्या फाट्यावर होईल. आणि त्यात जाते ती जमीन.

आधी जागा समजून घ्या. चाकण पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात. पुण्याहून नाशिकला जाणारा महामार्ग, जुना ५० नंबरचा आणि आता ६० नंबरचा, भोसरी-मोशी मागे टाकून, इंद्रायणी ओलांडून चाकणला येतो. दुसरा रस्ता तळेगावहून येतो, चाकणला पहिल्याला छेदतो आणि पुढे शिक्रापूरला नगर रस्त्याला मिळतो. जिथे छेदतो तो तळेगाव चौक. मुंबईकडून यायचे आणि पुणे शहरात न शिरता नगरला, बीडला, मराठवाड्याला जायचे, तर हा आडवा रस्ता सोयीचा. न्हावा-शेवा बंदर १९८९ ला सुरू झाले, २००२ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि बंदराचा माल या आडव्या वाटेला लागला. त्याच वाटेच्या दोन्ही बाजूंना कारखाने आले. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत जुनी, साठच्या दशकातली. ती भरली तशी चाकणकडे सरकली. १९९९ ला बजाजचा कारखाना चाकणला आला. २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले. एकेका मोठ्या कारखान्यामागे सुटे भाग करणारे लहान कारखाने.

चाकण आपल्या चळवळीला नवे नाही. १९८० च्या जानेवारीत वांद्रे ते चाकण असा ६४ किलोमीटरचा मोर्चा निघाला, तो भामनेरच्या खोऱ्यातला रस्ता पक्का करा म्हणून. बटाटा-कांदा गावाबाहेर काढायला रस्ता नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये कांद्याच्या भावासाठी शेतकरी चाकणला पुणे-नाशिक रस्त्यावर बसले, तेव्हा महाराष्ट्रभर बातमी झाली. आता तो रस्ता रोज संध्याकाळी आपोआप बंद पडतो आणि त्याची बातमीही होत नाही.

आता तुमचा माल. नगर किंवा बीडकडची कापसाची गाठ न्हावा-शेव्याला जायची तर तिचा एक रस्ता शिक्रापूर-चाकण-तळेगाव असा आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून जालन्याच्या गाड्यांना वरचा रस्ता मिळाला, दक्षिणेकडच्यांना तो लांब पडतो. तुम्हाला माहीत आहे की व्यापारी भाव उलटा मोजतो. बंदरावर रुईचा भाव काय, त्यातून भाडे वजा, जिनिंग वजा, त्याचा नफा वजा, उरेल ते तुमचे. गाडी चौकात खोळंबली तर तो खर्चही त्याच वजाबाकीत जातो.

पण किती जातो? सभेत मोठा आकडा फेकणे सोपे असते. आपण कागदावर करू. ट्रकमध्ये समजा शंभर गाठी, गाठ १७० किलोची, म्हणजे १७० क्विंटल रुई. खोळंब्याचा, डिझेलचा, चालकाच्या जादा भत्त्याचा मिळून खेपेला हजार रुपये जादा लागले असे धरू. क्विंटल रुईला सहा रुपये. क्विंटल कापसातून रुई निघते चौतीस किलोच्या आसपास. म्हणजे तुमच्या क्विंटलमागे दोन रुपये. एवढेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्या एका कागदापुढे हे दोन रुपये काहीच नाहीत. तेव्हा चाकणच्या कोंडीने कापूस उत्पादक बुडाला असे आम्ही म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. खोटे बोलून मिळवलेली टाळी पुढच्या बैठकीपर्यंत टिकत नाही.

मुद्दा जमिनीचा आहे, आणि तो ट्रकच्या मोजणीत लपलेला आहे.

आम्ही शेतीचे शिक्षण घेतलेली माणसे, आम्हाला रस्त्यातले कळत नाही, पाण्यातले थोडे कळते. काळ्या रानात पाणी साचून शेत चिबडले, तर पहिला प्रश्न काय विचारायचा? पाणी कुठले? वरच्या रानातून लोटून आलेले की याच शेतात पडलेले? वरून येत असेल तर शेताच्या डोक्याला आडवा चर काढायचा, पाणी बाजूने नाल्याला लावायचे. शेतातच पडलेले असेल तर त्या चराचा उपयोग शून्य. त्याला समतल बांध, सरी, सांडवा, मुरवायची व्यवस्था. हे न विचारता कंत्राटदार थेट चर खोदायला लागला तर तुमची चार गुंठे जमीन चरात जाते आणि शेत चिबडलेलेच राहते. असे चर तुमच्यापैकी पुष्कळांच्या बांधावर असतील.

ट्रकचेही तसेच. तळेगावहून शिरला आणि शिक्रापूरहून बाहेर पडला, मध्ये फक्त चहा प्यायला थांबला, तो आरपारचा ट्रक. जालन्याची सळई घेऊन चाकणला आला आणि रिकामा झाला, किंवा चाकणच्या मोटारी घेऊन बंदरावर गेला, त्याचे एक टोक इथे. आणि भोसरीचे ओतीव काम उचलून चाकणच्या कारखान्यात टाकतो, पुन्हा रिकामा परत जातो, दिवसात दोन-तीन वेळा, त्याची दोन्ही टोके इथेच. तिघेही एकाच चौकात एकामागे एक उभे असतात. हॉर्न तिघांचा सारखाच. पण तिघांना औषध वेगवेगळे.

आम्ही चार कार्यकर्ते एकदा वही घेऊन तळेगाव चौकाच्या अलीकडे उभे राहिलो. वाटले, सोपे आहे, नंबर बघायचा. एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवडचा, तो घरचा. एमएच २०, एमएच २१ म्हणजे तुमच्याकडचा, तो आरपारचा. अर्धा तास मोठ्या विश्वासाने रेघोट्या ओढल्या. मग एक एमएच १४ ची गाडी आमच्या पुढ्यातच अडकली. चालकाला विचारले, तर ताडपत्रीखाली कापसाच्या गाठी, निघाला यवतमाळहून, चालला न्हावा-शेव्याला. त्याच्या मागे नागालँडचा नंबर. आम्ही म्हटले, हा तर देशभर फिरणारा. तो भोसरीहून चाकणला लोखंडी भाग टाकायला निघाला होता, म्हणाला, "मालकाने गाडी तिकडे पासिंग केलीय, मी नागालँड बघितलंसुद्धा नाही." आम्ही वहीचे पान फाडले. पाटीवरून गाडीचा मालक कळतो, माल कळत नाही.

एके काळी हा प्रश्न प्रत्येक ट्रकला रीतसर विचारला जात होता. कोण विचारत होते? जकात नाका! माल गावात उतरणार की पुढे जाणार? उतरणार असेल तर जकात भर, पुढे जाणार असेल तर पारगमनाची पावती घे आणि दुसऱ्या नाक्यावर दाखव. आपण जकातीला शिव्या घातल्या आणि त्या योग्यच होत्या, तो लुटीचा आणि खोळंब्याचा धंदा होता. १ एप्रिल २०१३ ला पिंपरी-चिंचवडची जकात गेली, कोणाला दुःख झाले नाही. पण नाक्याबरोबर ते एक काम गेले. आता ट्रक कुठून आला आणि कुठे चालला हे चौकात कोणी विचारत नाही.

बरे, न विचारता काय ठरले? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला, खर्च ७,८२७ कोटी रुपये. तळेगाव-चाकण रस्त्यावरही तसाच उन्नत रस्ता करायचे ठरले आहे. आणि पुण्याभोवती रस्ते विकास महामंडळाचा वर्तुळाकार रस्ता, तो मावळ, खेड, हवेली, मुळशी, पुरंदर, भोर अशा तालुक्यांतून फिरतो. रुंदी ११० मीटर. ११० मीटर रुंदीच्या रस्त्याला एका किलोमीटरला ११ हेक्टर लागतात, म्हणजे २७ एकर. समृद्धी १२० मीटर, हे जालन्याला सांगायला नको.

वर्तुळाकार रस्ता हा आपला तो आडवा चर आहे. आरपारच्या ट्रकला तो चांगला. उन्नत मार्गही मुख्यतः आरपारच्यासाठीच. चौकावरून उडून जायचे, खाली उतरायचे नाही. ज्याला चाकणच्या कारखान्यातच जायचे आहे त्याला उडून काय करायचे? त्याला खाली उतरावेच लागते, आणि उतारावर तो आजच्यासारखाच उभा राहणार.

म्हणून आम्ही विचारतो, चौकातल्या शंभर ट्रकांमध्ये आरपारचे किती? साठ असतील तर चर खोदा. आम्ही स्वतः खेडच्या शेतकऱ्यांना सांगू की बाजारभावाने चोख दाम घ्या आणि जमीन द्या. पंचवीस असतील तर आधी बाकी पंचाहत्तरांचे काय करता ते सांगा, जमिनीला मग हात लावा. आमचे मत मोजणीच्या आधी पक्के झालेले नाही. सरकारने आपले पक्के केले आहे, तर त्यामागची मोजणी गावसभेत, मराठीत, फलकावर लावावी.

पंचाहत्तरांपैकी निम्म्यांचा उगम कारखान्याच्या हिशेबात आहे, हे जरा उलगडून सांगतो, कारण तुमच्याकडे कारखाने येतील तेव्हा हे उपयोगी पडेल. पूर्वी कारखाना महिन्याचा माल गोदामात भरून ठेवी. गोदामाला जागा लागते, मालात पैसा अडकतो, व्याज जाते. मग जपानी मोटारवाल्यांची रीत आली: गोदाम नको, भाग लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच यावा. मोठ्या कारखान्याचा पैसा वाचला. लहान कारखानदाराला मात्र दिवसातून तीन-चार खेपा लहान टेम्पोने माल पोचवावा लागतो, आणि वेळ चुकायला नको म्हणून गाडी दोन तास आधी येऊन बाहेर उभी राहते. बाहेर म्हणजे कुठे? रस्त्याच्या कडेला. गोदाम मोडले ते असे रस्त्यावर आले, आणि त्या गोदामाचे भाडे कोणी भरत नाही. यावर इलाज ११० मीटरचा रस्ता नव्हे. कारखान्याने आपल्या आवारात ट्रकतळ करावा, सेवारस्ते मोकळे ठेवावेत, वसाहतीच्या आतले रस्ते एकमेकांना जोडावेत म्हणजे भोसरीची गाडी महामार्गावर येणारच नाही, इंद्रायणीवर आणखी लहान पूल व्हावेत. हे स्वस्त आहे. कदाचित म्हणूनच कोणाच्या डोळ्यात भरत नाही.

आणि ज्यांचे एक टोक इथे, त्यांच्यासाठी रेल्वे हवी होती. चिंचवडच्या मालधक्क्यावरून मोटारी रेल्वेने जातात, पण चाकणला रूळच नाही. पुणे-नाशिक रेल्वे चाकणवरून जाणार म्हणून वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. तिच्या मार्गात नारायणगावजवळची खोडदची रेडिओ दुर्बीण आडवी आली आणि आखणीच बदलायला निघाली.

असा भेद करून कोणी वागले आहे का? वागले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या खिंडीतून जर्मनी-इटलीचे ट्रक जात. डोंगरातल्या लोकांना धूर आणि गोंगाट, माल दुसऱ्याचा. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये साऱ्या देशाच्या मतदानाने ठरले की या सीमेवरून त्या सीमेपर्यंत आरपार जाणारा माल रेल्वेने न्यायचा; घाटातल्या गावाचा स्वतःचा ट्रक त्यात नाही. २००१ पासून त्यांनी सगळ्याच जड ट्रकांवर वजन आणि अंतर मोजून आकार लावला, त्या पैशातून बोगदे खोदले; ५७ किलोमीटरचा गोठार्डचा बोगदा २०१६ ला उघडला. सगळे साधले असे नाही. वर्षाला साडेसहा लाख ट्रकांच्या वर घाटातून जाऊ द्यायचे नाहीत असे कायद्यात लिहिले, ते अजून जमलेले नाही. पण आधी वेगळे मोजले, हे खरे.

आपल्याकडे मोजायला साधन नाही, असे कोणी सांगेल तर मान्य करू नका. २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागते. त्यात माल कुठून निघाला आणि कुठे उतरणार, पिनकोडसकट लिहिलेले असते. जकात नाक्याचा तो प्रश्न आता संगणक विचारतो, फक्त उत्तर रस्ता आखणाऱ्याच्या टेबलावर जात नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना व्यापाऱ्याचे नाव मागू नका, ते देणार नाहीत. पिनकोडवार बेरीज मागा.

पण त्या बेरजेत एक खड्डा आहे. सुटी ज्वारी, कांदा, बटाटा, भाजी यांना ई-वे बिल लागतच नाही. चांगली गोष्ट आहे, लागूही नये. परिणाम मात्र असा की संगणकाच्या हिशेबात शेतकऱ्याचा टेम्पो रस्त्यावर नसतोच. चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांदा घेऊन येणारा टेम्पो दोन्ही टोके घरची असलेला, सगळ्यात जुना वाटसरू. कोंडी फार झाली की गर्दीच्या तासांत जड वाहनांना बंदी लागते. बंदी लावताना पोटात काय आहे ते कोणी पाहत नाही. कारखान्याचा भाग दुपारी पोचला तर पाळी पुढे ढकलता येते. कांद्याचा लिलाव संपल्यावर पोचलेल्या टेम्पोला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते किंवा पडेल त्या भावाला द्यावे लागते. बंदी घालायची तर आरपारच्यावर घाला, बाजाराच्या टेम्पोला वाट द्या, एवढी साधी मागणी आहे.

आता कायद्याचे एक, हे लिहून घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, तो राष्ट्रीय महामार्गाला लागू नाही. महामार्गाची जमीन १९५६ च्या कायद्याने घेतात. त्यात कलम ३-अ ची अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात, कलम ३-क खाली. एकवीसच. त्यात पेरणी येते, लग्न येते, आणि मुदत संपल्यावर लोक आमच्याकडे येतात. हरकतीत भावना लिहू नका. लिहा की या रस्त्यासाठी आरपार आणि स्थानिक वाहतुकीची वेगवेगळी मोजणी केली आहे का, केली असेल तर तिची प्रत द्यावी, ती मिळेपर्यंत सुनावणी घेऊ नये. अधिकारी कदाचित हरकत फेटाळेल. पण लेखी फेटाळावी लागेल, आणि तो कागद पुढे कोर्टात चालतो.

आणि मोजणी आपणही करू शकतो. चाकणला फसल्यावर आम्ही दुसरी रीत शिकलो, ती सांगतो. पाटीवरून जिल्हा ओळखत बसायचे नाही. रस्त्याच्या दोन टोकांना दोन-दोन माणसे बसवायची, प्रत्येक ट्रकच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. संध्याकाळी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवायच्या. जो नंबर या टोकाला दिसला आणि वाटेला लागतो तेवढ्याच वेळात त्या टोकालाही दिसला, तो आरपारचा. जो दिसला नाही तो मध्येच कुठे थांबला. तळेगाव ते शिक्रापूर पन्नासेक किलोमीटर, तिथे कोंडीचा वेळ धरून तीन तासांची सवलत द्यावी लागते. तुमच्याकडे शेंद्रा ते जालना दीड तास पुष्कळ. टेम्पो आणि ट्रॅक्टर-ट्रॉली वेगळ्या रकान्यात, माल दिसत असेल तर तोही लिहा.

एक दिवस बाजाराचा घ्या आणि एक बिनबाजाराचा, पहाटे सहा ते रात्री आठ. बदनापूर आणि जालना तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी नावे द्यावीत. रकाने आखलेल्या वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, पेन्सिली मात्र आपापल्या आणा.